रायफलच्या नळीसाठी गज, ब्रश, चिंदी : काय घ्यावं अन् काहून घ्यावं

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पीक संरक्षणाच्या लायसन्सवरची वडिलांची ३१५ बोर रायफल आता तुमच्या नावावर झाली. आचारसंहितेत ती ठाण्यात जमा होती, पाऊस लागल्यावर परत आणली आणि नळीत बघितलं तर आत तांबूस दिसते. ऑनलाइन एक डबा दिसला, त्यात वीसेक ब्रश आणि जोडायचा पितळी गज. शेजारचे काका म्हणतात लोखंडी सळीला फडकं गुंडाळ अन् घास, मित्र म्हणतो दोरीवाला बोअर स्नेक घे, पाच मिनिटांत मोकळा. तर यातलं कोणतं घ्यायचं, हे तुम्ही विचारता.

मी फौजेत ईएमईला (यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणारी शाखा) आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा होतो, पेन्शनवर आल्यापासून अमरावतीकडे एका लायसन्सवाल्या दुरुस्तीच्या दुकानात काम बघतो. आमच्याकडे येणाऱ्या बंदुका म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांच्याच, १२ बोर आणि ३१५. त्यामुळे खाली जे सांगतो ते शेतकऱ्याच्या बंदुकीचं आहे, स्पर्धेत खेळणाऱ्या पोरांचं गणित थोडं वेगळं असते.

पहिले एक समजून घ्या. वावरात जागलीला जाणारा माणूस वर्षाला किती काडतुसं उडवते? डुकराची, रोह्याची (नीलगाईची) रीतसर परवानगी मिळाली तरी आकडा लहानच, लय लोक तर नुसता आवाज करून हाकलतात. एवढ्यावर नळी झिजत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या बिघडलेल्या नळ्या मी आठवतो तर त्या दोनच गोष्टींनी बिघडलेल्या, एक म्हणजे पाणी आणि दुसरी म्हणजे साफ करायचं सामान. हो, सामानच. घरच्या माणसाने प्रेमाने, दर दिवाळीला, लोखंडी सळी घालून घालून नळीचं तोंड अंडाकृती केलेलं असते आणि मग म्हणतात साहेब, पहिले सारखी नेमकी लागत नाही. म्हणून डब्यात किती नग आहेत ते मोजू नका, तुमच्या नळीला इजा कशाने होणार नाही ते बघून सामान घ्या.

तोंडाचं एवढं काय, तर गोळी नळीतून सुटते तो शेवटचा टप्पा म्हणजे नळीच्या तोंडाची कड. आतल्या पिळाच्या खाचा जिथे संपतात तिथे कड चारही बाजूंनी सारखी पाहिजे. एका बाजूने ती घासली गेली की मागचा वायू त्या बाजूने आधी निसटते आणि गोळीला तिरका धक्का बसते. नखाएवढ्या जागेचा हा खेळ आहे. सळी तोंडाकडून घातली की दरवेळी ती त्याच कडेवर टेकते. फौजेत जुन्या ३०३ रायफलीला पुलथ्रू असायचा, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी, तेलाच्या कुपीसोबत दस्त्याच्या मागच्या कप्प्यात ठेवलेला. दोरी मऊ असूनही ती तिरकी ओढली आणि तिच्यावर धूळ बसलेली असली तर तोंडाला चर पडायचा. दोरीने लोखंड कापलं जाते हे नव्या पोट्ट्यांना खरं वाटत नसे, मग खराब झालेली नळी हातात दिली की बोट फिरवून कळायचं. दोरीने हे होते तर सळीने काय होईल ते बघा.

म्हणून पहिला खर्च गजावर करा. गज एकसंध पाहिजे, जोडाचा नको. जोडाच्या गजात दोन अडचणी असतात. जिथे आटे येतात तिथे बारीक पायरी राहते, ती खाचांच्या कडांवर घासते, आणि जोर लावला की गज जोडावर वाकते आणि पोट नळीला टेकते. पितळ किंवा ॲल्युमिनियम मऊ म्हणून बरं, असं लोक समजतात. मऊ आहे म्हणूनच त्यात धुळीचे खडे रुतून बसतात आणि तो गज कानशीसारखा काम करते. आपल्याकडे उन्हाळ्यात घरात, कपाटात, पेटीत सगळीकडे धूळ, तेव्हा ही गोष्ट इथे जास्त लागू होते. मी स्वतः प्लास्टिकचं कोटिंग असलेला स्टीलचा एकसंध गज वापरतो, कार्बन फायबरचाही चांगला असते. कोणताही असो, प्रत्येक वेळी वापरायच्या आधी आणि वापरताना मधेमधे गज फडक्याने पुसायचा, ही सवय गजाच्या किमतीपेक्षा मोठी आहे.

गजाची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरली पाहिजे. नळीत पीळ आहे ना, चिंदी किंवा ब्रश त्या पिळाच्या संगतीने फिरत जायला पाहिजे. मूठ घट्ट असेल तर ब्रश खाचेत न जाता खाचेवरून आडवा घसरते, खाचेच्या कोपऱ्यातली घाण तिथंच राहते, आणि ओढताना ब्रशचे आटे ढिले होऊन तो आतच सुटू शकते. दुकानात बघून घेत असाल तर एका हातात मूठ धरा अन् दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गज फिरवा, अडखळत असेल तर ठेवून द्या.

जाडी म्हणाल तर तुमची नळी ८ मिलिमीटरची, तिला साडेपाच-सहा मिमीचा गज चालते. २२ बोरचा बारीक गज घेतला तर तो आत वाकेल. लांबी मोजायला बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा) काढा आणि टेप नळीच्या बाहेरूनच लावा, बोल्ट जिथून निघते तिथपासून तोंडापर्यंत, आणि त्यात वीतभर जास्त धरा. मूठ दस्त्याला न आपटता ब्रश तोंडाबाहेर पूर्ण निघाला पाहिजे. आट्यांचंही बघून घ्या, बाहेरदेशी बनलेल्या रायफलच्या सामानाला बहुतेक ८-३२ आटे असतात, १२ बोरच्या सामानाला ५/१६-२७, आणि स्वस्त डब्यांमध्ये कोणतेही. गज एकाचा आणि ब्रश दुसऱ्याचा घेतला तर बसतीलच असं नाही.

आता ३१५ वाल्यांचं एक नशीब चांगलं आहे. ही इशापूरच्या सरकारी कारखान्यातली रायफल जुन्या ली-एनफिल्डच्या, म्हणजे त्या ३०३ च्याच घडणीवर आहे. बोल्ट मागे ओढून बोल्ट-हेड वर फिरवलं की बोल्ट अख्खा बाहेर निघते आणि मागून तोंडापर्यंत सरळ रस्ता मोकळा होते. म्हणजे तोंडाकडून काही घालायची गरजच नाही. मागून घालायचं, तोंडातून बाहेर काढायचं. मागच्या बाजूने गज सरळ राहावा म्हणून बोअर गाइड नावाची प्लास्टिकची नळी मिळते, ती बोल्टच्या जागी बसते. तुमच्या रायफलच्या मापाची मिळाली तर गजाच्या खालोखाल तिच्यावर पैसे घाला, नाही मिळाली तर डाव्या हाताची दोन बोटं मागच्या तोंडाशी धरून गज मधोमध चालवायचा, जमते सवयीने. घरी दोन रायफली असतील तर बोल्ट अदलाबदल होऊ देऊ नका, ज्याचा त्यालाच.

१२ बोरची दुनाळी असेल त्यांनी एवढी चिंता करायची नाही. नळी मोडून मागून साफ होते, आत पीळ नाही, जाड लाकडी गजही चालते. तिथे घाण दोन जागी बसते, काडतुसाच्या घराच्या जरा पुढे आणि तोंडाजवळ चोकमध्ये (नळी जिथे जरा अरुंद होते तिथे), तेवढं शिसं नि प्लास्टिकचा लेप ब्रशने काढला की झालं. आणि छर्ऱ्याच्या एअरगनवाल्यांनी तर पितळी ब्रश घालूच नये, दारू जळत नाही तर काजळी कुठून येणार, पतंगाच्या किंवा मासे धरायच्या दोऱ्याला बारीक चिंदी बांधून मागून पुढे ओढली की पुरे, आणि स्प्रिंगवाल्या एअरगनच्या नळीत तेल सोडायचं नाही, दाबाने ते पेट घेते.

ब्रशकडे येऊ. त्या वीस ब्रशांपैकी तुमच्या कामाचा एखादाच असेल, बाकी पिस्तुलाचे, २२ चे, कशाकशाचे. तुम्हाला ८ मिमी किंवा ३२ कॅलिबर लिहिलेला ब्रॉन्झचा ब्रश पाहिजे, एकाच्या जागी दोन घ्या. ३० कॅलिबरचाही आत जाते पण खाचेच्या तळाला टेकत नाही, आपल्याला वाटते साफ झालं. स्टीलच्या तारांचा ब्रश फुकट दिला तरी घेऊ नका. आत घातला की पूर्ण तोंडातून बाहेर निघेपर्यंत ढकलायचा आणि मगच मागे ओढायचा, मध्येच उलटा ओढला तर तारा दुमडतात आणि ब्रश अडकते. अडकलेला ब्रश काढायला हातोडी घेऊन बसलेले लोक मी पाहिले, नंतर त्या नळीकडे बघवत नाही.

एक नायलॉनचा ब्रशही असू द्या, त्याचं कारण सांगतो. ३१५ च्या गोळीवर तांब्याचं कवच असते, त्याचा पातळ लेप खाचांत बसते. तो काढायला जे औषध मिळते त्यात बऱ्याचदा अमोनिया असते, बाटली उघडली की बैलांच्या कोठ्यासारखा नाकात चढणारा वास. ते तांबं खाते आणि चिंदी निळी होऊन बाहेर येते, संत्र्याच्या झाडाला बोर्डो लावताना मोरचुदाचा रंग असते ना, अगदी तो. निळी येते तोवर आत तांबं आहे असं समजायचं. पण ब्रश ब्रॉन्झचा असेल तर औषध त्याचंच तांबं खाते आणि चिंदी शेवटपर्यंत निळीच निघते. एका भावाने असं करत अर्धी बाटली संपवली, नळी केव्हाची साफ झाली होती आणि निळं येत होतं ते ब्रशचं. म्हणून त्या औषधाला नायलॉनचा ब्रश, आणि औषध बाटलीवर लिहिलं त्यापेक्षा जास्त वेळ नळीत ठेवायचं नाही. वर्षाला पाच-दहा काडतुसं उडवणाऱ्याला हे औषध दरवेळी लागत नाही, हे पण सांगून ठेवतो.

चिंदी मात्र विकत घेऊ नका. घरातलं जुनं सुती धोतर, पंचा, धुऊन धुऊन मऊ झालेलं, यापेक्षा चांगलं कापड मिळत नाही. टेरिकॉट, साडीचं पॉलिस्टर नको, ते तेल पीत नाही आणि घाण नुसती पुढे सरकवते. फौजेत माप ठरलेलं, साफ करायची चिंदी ४ इंच बाय २ आणि तेल लावायची ४ बाय दीड, म्हणजे तेलाची जरा सैल जाते आणि तेल मागे ठेवून जाते, साफ करायची घट्ट जाते आणि सगळं पुसून नेते. ते माप पुलथ्रूसाठी होतं. गजाच्या टोकाला जॅग (चिंदी टोचून धरणारं टोक) लावाल तर चौकोनी चिंदी बसते, तिचं माप कापडाच्या जाडीवर राहील. जाताना थोडा जोर लागला पाहिजे आणि दोन हात लावायची वेळ यायला नको, तेवढी कापून बघा. जॅग घ्यायचं कारण असं की ती चिंदी सगळीकडून सारखी दाबते आणि तोंडाबाहेर गेली की चिंदी आपोआप गळून पडते, घाण परत आत येत नाही. फटीच्या टोकात चिंदी अडकवली तर ती एका बाजूला जाड बसते आणि घाण घेऊन परतही येते. तेल लावायला फटीचं टोक ठीक आहे.

बोअर स्नेक वाईट नाही. जंगलाच्या कडेला, मचाणावरून उतरल्यावर, नळीत ओल गेली तर तो खिशातून काढून एकदा फिरवला की घरी येईपर्यंत काळजी नाही. पण तो स्वतःच मळते, आणि साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्यांदा वापरला तर आधीची घाण आणि खडे पुन्हा नळीत. शिवाय तोंडाकडून ओढताना हात तिरका गेला तर पुलथ्रूचीच गोष्ट. म्हणून गजासोबत घ्या, गजाच्या जागी घेऊ नका.

तेलावर मला जास्त बोलायचं आहे कारण आपल्याकडे साफ करायच्या सामानात लोक तेलातच जास्त चुकतात. खोबरेल थंडीत थिजते. जवसाचं तेल तर अजिबात नळीत घालू नका, ते हवेने वाळते आणि त्याची पिवळी साय होते, लाकडाच्या दस्त्याला मात्र ते उत्तम, दस्त्याला बोटाने चोळून लावा. रॉकेल घाण काढते पण उडून गेल्यावर मागे संरक्षण काही राहत नाही. मोटरसायकलचं जळकं इंजिन ऑइल काळं असते ते उगाच नाही, त्यात आम्ल आणि धातूचा चुरा असते. शिलाई मशीनचं तेल पातळ आहे, आठ-पंधरा दिवसांसाठी ठीक. बंदुकीचं चांगलं तेल एक बाटली घेतली तर शेतकऱ्याला दोन-तीन वर्षं सहज जाते. आणि पावसाळ्याचे चार महिने बंदूक बाहेर निघणार नसेल तर पातळ तेलावर विसंबू नका, ग्रीसचा पातळ हात द्या.

कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या खोळीत बंदूक ठेवायची रीत सोडा. खोळ ओल धरून ठेवते. बाहेरून कोरडी लागते आणि आत जिथे ती नळीला टेकते तिथे गंजाचा पट्टा उठते. खोळ नेण्या-आणण्यासाठी, ठेवताना मोकळी, उभी, तोंड जरा खाली, म्हणजे जास्तीचं तेल लाकडात न मुरता तोंडाकडे येईल.

ठाण्यात जमा करायचंही असंच आहे. २०२४ ला आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला, म्हणजे बंदुका परत मिळेपर्यंत आपल्याकडे मृग लागलेला. त्यात तिथे शंभर बंदुका एकाला एक लावून ठेवलेल्या, त्यांना तेल लावत बसणं तिथल्या माणसाचं काम नाही. ते आपलं काम, जमा करायच्या आदल्या रात्री. त्या वर्षी जून-जुलैत आमच्याकडे जेवढ्या तांबूस नळ्या आल्या त्यातल्या बहुतेकांना जमा करताना कोरडंच दिलं होतं, आणि तुमचंही तसंच झालं असेल असं वाटते.

तर तुमच्या तांबूसपणाचं काय. ते वरवरचं आहे की खड्डे पडले, यावर सगळं अवलंबून, आणि ते मला इथून दिसत नाही. आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मॅगझिन काढा, बोल्ट काढा, काडतुसाच्या घरात बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री करा. मग तोंडाकडे पांढरा कागद धरून मागून उजेडात बघा. हे बघणं तुम्ही गंजासाठी कराल पण त्याचा दुसरा फायदा सांगतो. भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. एका गावात माणूस घाईत तशीच बंदूक घेऊन गेला, नळी तोंडाजवळ लिंबाएवढी फुगली, हात वाचला ते नशीब. तेव्हापासून दुकानात बंदूक कोणीही आणो, मी आधी आरपार उजेड बघतो.

उजेड दिसला की नळीत तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी ब्रॉन्झचा ब्रश तेलात बुडवून दहा-बारा वेळा आरपार, मग चिंद्या. पहिल्या दोन-चार विटकरी रंगाच्या येतील, नंतर राखाडी, नंतर कोरी. असं झालं तर गंज वरवरचा होता. ब्रशनंतरही बुंदीसारखे काळे ठिपके दिसत असतील तर ते खड्डे आहेत, ते कशानेच भरत नाहीत. काचकागद, एमरी, राख, विटेची पूड, काहीही लावू नका, खड्डा जाणार नाही आणि खाचांच्या धारा जातील. थोडे खड्डे असलेली नळी वर्षानुवर्षं काम देते, फक्त तिला तेल जरा जास्त वेळा लागते. जास्त वाटलं तर लायसन्सवाल्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही लायसन्स लागते, गावातल्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे नेऊ नका.

वडिलांच्या वेळची जुनी काडतुसं वापरली गेली असतील तर अजून एक. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असायचं, ते जळल्यावर मिठासारखा क्षार नळीत राहते आणि हवेतली ओल ओढून घेते. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून फौजेत ३०३ च्या नळीत उकळतं पाणी ओतायचे. तुम्हाला काडतुसाची खात्री नसेल तर हेच करा, चाडीला (नरसाळ्याला) रबराची नळी लावून मागून लिटर-दीड लिटर उकळतं पाणी सोडा, लाकडात जाऊ देऊ नका, नळी तापली की ती स्वतःच वाळते, मग लगेच चिंदी आणि तेल. ठासणीच्या बंदुकीला तर काळ्या दारूमुळे दरवेळी पाणीच लागते, तिथे तेलाने घाण निघणार नाही.

म्हणजे तुमची यादी अशी झाली : कोटिंगचा एकसंध गज, मिळाली तर बोअर गाइड, ८ मिमीची जॅग, दोन ब्रॉन्झचे आणि एक नायलॉनचा ब्रश, एक तेलाची बाटली, थोडं ग्रीस आणि आजोबांचं धोतर. तो डबा राहू द्या.

आणि ग्रीस लावून ठेवली तर एक काम त्याच वेळी करा. नळीत ग्रीस किंवा जास्त तेल असताना गोळी झाडली तर दाब वाढते आणि नळी फुगू शकते, आणि रात्री दोन वाजता तुरीत डुकरं शिरल्यावर हे कोणाला आठवत नाही. एका जाड कागदावर "नळीत ग्रीस आहे, आधी पुसा" लिहून तो सुतळीने घोड्याच्या कडीला बांधा. चिठ्ठी सोडल्याशिवाय बोट आत जाणार नाही अशी बांधा.